दौतीतली शाई, पेनातली शाई

(पुण्यात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



बाहेर पाऊस आहे, तरी तुम्ही आलात याबद्दल आधी आभार. त्यातून विषय असा की, घरातून निघताना खरं कारण सांगितलं असेल तर कोणाचा विश्वास बसला नसेल. "कुठे निघालात?" "शाईवर व्याख्यान आहे." (हशा)

विषय एका वाक्यात सांगतो. फाउंटनपेनसाठी बनवलेली शाई टाकाने लिहायला वापरावी का? टाक म्हणजे लाकडी दांडी, पुढे पोलादी निब, दौतीत बुडवायचं आणि लिहायचं. गेल्या काही वर्षांत पुण्यात सुलेखनाचे वर्ग वाढले, मोडीचे वर्ग वाढले, आणि त्याबरोबर टाकही परत आला. टाक आला की शाई लागते. घरात असते ती फाउंटनपेनची बाटली. म्हणून हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि त्याची दोन ठाम उत्तरं आपल्याकडे प्रचलित आहेत. एक म्हणजे "शाई ती शाई, काय फरक पडतो?" दुसरं म्हणजे "अजिबात वापरू नका, ती पाणचट असते." दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. का वाटतात ते आज सांगणार आहे, आणि शेवटी माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. त्या चुकीमुळेच मी या विषयात शिरलो.

आधी हे दोन कागद बघा. पडद्यावर मोठे दिसतायत ना? मागे बसलेल्यांना दिसतंय? बरं.

दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यातले, निब एकच, हात माझाच. मजकूरही एकच. डावीकडचा कागद फाउंटनपेनच्या नेहमीच्या निळ्या शाईने, बाटलीतून सरळ घेऊन लिहिलाय. उजवीकडे तीच शाई आहे, पण तिच्यात डिंकाच्या पाण्याचे काही थेंब घातलेत. डावीकडचं पहिलं अक्षर बघा. 'श्री' जाड झालाय, शेपटाशी शाईचा ठिपका साचलाय. पुढची दोन अक्षरं ओली, भरलेली. चौथ्या-पाचव्या अक्षरापर्यंत रंग एकदम फिका होतो, आणि सातव्या अक्षरात निबच्या दोन टोकांच्या दोन रेघा उमटल्यात, मधली जागा कोरी, रेल्वेच्या रुळांसारखी. मग पुन्हा बुडवलं, पुन्हा ठिपका. उजवीकडे तोच हात बारा-तेरा अक्षरं एका बुडवणीत लिहून गेलाय, आणि फिका होत जाणारा रंग हळूहळू उतरलाय, धाडकन पडलेला नाही.

हा फरक समजून घ्यायचा तर फाउंटनपेनची शाई कशासाठी बनवलेली असते ते बघायला हवं.

फाउंटनपेनमध्ये शाई निबपर्यंत आणायचं काम निब करत नाही. ते काम निबच्या खालची जीभ करते, ज्याला आपण फीड म्हणतो. तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. शाई त्या खाचांतून पुढे सरकते, आणि तेवढीच हवा उलट्या दिशेने आत जाते. लुईस वॉटरमनने 1884 साली पेटंट घेतलं ते नेमकं या जिभेचं. आता या बारीक खाचांतून शाई वाहायची तर ती पातळ हवी, तिच्यात गाळ नको, आणि ती पृष्ठभागाला चटकन ओलं करणारी हवी. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. फाउंटनपेनच्या शाईत तो मुद्दाम कमी केलेला असतो. रंग विरघळलेला असतो, म्हणजे तो रंगद्रव असतो, भुकटी नव्हे. टोकाशी शाई लगेच वाळू नये म्हणून ओलावा धरणारं द्रव्य घातलेलं असतं, बुरशी येऊ नये म्हणून आणखी काही. थोडक्यात, शाई पातळ आहे आणि तिला आवरायचं काम पेन करतं.

टाकाच्या निबला ही जीभच नसते. निब म्हणजे पोलादाचा वाकवलेला पत्रा, मधोमध चीर, चिरेच्या वरच्या टोकाला एक छिद्र. बुडवल्यावर त्या पत्र्याच्या पोटात शाईचा एक थेंब लोंबकळत राहतो. तो केवळ स्वतःच्या चिकटपणावर आणि पृष्ठताणावर टिकतो. शाईचा पृष्ठताण आधीच कमी करून ठेवलेला, चिकटपणा नाही, मग तो थेंब धरणार कोण? कागदाला टोक टेकलं की कागद त्याला ओढून घेतो. पहिल्या अक्षरातच निम्मा थेंब गेला. तुम्ही डावीकडच्या कागदावर पाहिलंत ते हेच. यात शाईचा दोष नाही. तिला आवरणारं पेन काढून घेतलं आणि तिच्याकडून त्याच कामाची अपेक्षा ठेवली.

आता इथे दुसरं उत्तर देणारे खूश होतील. "बघा, आम्ही म्हणत होतो, पाणचट असते." थांबा जरा.

तुमच्यापैकी जे पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत त्यांना विचारतो. शाळेत टाक वापरलात? हात वर करा. चार, पाच... सहा. त्या वेळी शाई कुठली होती? बरोबर, पुडीची किंवा वडीची. दुकानातून पुडी आणायची, पाण्यात कालवायची, दौतीत भरायची. 1931 साली दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तो या पुड्या आणि वड्यांचाच. छाप घोड्याचा होता. पुढे फाउंटनपेनसाठी बाटलीतली शाई आली तिचा छाप उंटाचा, आणि त्या उंटावरूनच आपण सगळे ज्याला कॅम्लिन म्हणतो ते नाव आलं. गंमत म्हणजे पार्करची 'क्विंक' ही शाई बाजारात आली तेही 1931 सालीच. पुडी कालवणारा काळ आणि बाटली उघडणारा काळ काही वर्षं शेजारी शेजारी नांदले.

ती पुडीची शाई काय होती? पाण्यात विरघळलेला रंग. म्हणजे पाणचटच. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी त्या पाणचट शाईत टाक बुडवून शुद्धलेखनाच्या वह्या भरल्या, परीक्षा दिल्या, पास झाले. मग "पातळ शाईने टाक चालतच नाही" हे खरं कसं?

चालायचं, कारण बाकीच्या गोष्टी जुळलेल्या होत्या. शाळेची निब ताठ असायची, दाबली तरी फारशी फाकत नसे. अक्षर लहान, दोन रेघांच्या मधलं, त्यामुळे एका अक्षराला शाई थोडी लागायची. शेजारी टीपकागद असायचा. आणि दर तीन-चार शब्दांनी बुडवायचं, हे लिहिण्याचा भागच होतं. कोणी त्याला अडथळा समजत नव्हतं. आज आपण काय करतो? लवचीक निब घेतो, जी दाबली की फाकते आणि भसाभसा शाई सोडते. किंवा पाच मिलिमीटर रुंद निब घेतो. अक्षर दोन इंचांचं काढतो. कागद प्रिंटरचा घेतो, जो शाई स्पंजासारखी पितो. आणि मग शाईला नावं ठेवतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की, प्रश्न "ही शाई टाकाला चालते का" असा विचारायचाच नाही. "मला जे अक्षर काढायचंय त्याला शाईकडून काय हवंय" असा विचारायचा. अक्षर ठरवेल, बाटलीवरचं लेबल नाही.

मग आपल्या अक्षरांना काय हवंय? इथे परदेशातले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची थोडी फसगत होते. ते बहुतेक टोकदार, लवचीक निबने काढलेल्या रोमन अक्षराबद्दल बोलतात. दाब दिला की जाड, सोडला की केसासारखी रेघ. तिथे शाईची कसोटी म्हणजे ती केसासारखी रेघ फुटते का. आपलं बाळबोध अक्षर दाबावर उभं राहत नाही. ते तिरक्या कापलेल्या रुंद टोकावर उभं राहतं. बोरूचं टोक तिरकं छाटायचं, कोन धरून ठेवायचा, आणि हात फिरेल तशी रेघ आपोआप जाड-बारीक होते. तिथे कसोटी वेगळी आहे. जाड रेघेच्या दोन्ही कडा स्वच्छ राहतात का? 'क'च्या पोटात शाई भरून ते बुजतं का?

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिलाय हे तुम्हाला माहीत आहे. तो समास आपण सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेत भिंतीवर लावतो, पण त्यातला साहित्याचा भाग फारसा कोणी वाचत नाही. तिथे बोरू ठिकठिकाणचे आणावेत, बारीक आणि सरळ निवडावेत, टाक तोडण्याचे प्रकार माहीत असावेत, हिंगूळ जवळ असावा, मषीचा संग्रह असावा, अशी सगळी तयारी सांगितली आहे. अक्षर सुंदर काढ असा उपदेश करून समर्थ थांबत नाहीत, लेखणी आणि शाई दोन्हीची बेगमी करायला सांगतात. सुलेखनाच्या वर्गात आज वळणावर दोन महिने जातात आणि शाईवर दोन मिनिटं, ही माझी तक्रार आहे.

मोडीचं तर आणखी वेगळं. मोडी लिहिताना आधी ओळ आखायची, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग अक्षरं त्या ओळीखाली लटकवत जायची. ती ओळ आखून बघा एकदा पातळ शाईने! सुरुवातीला दोरखंड, शेवटी धागा. हात शक्यतो न उचलता लिहायची लिपी, त्यामुळे एका बुडवणीत जितकं जास्त जाईल तितकं बरं. जुन्या लेखकांची काळी शाई काजळाची, डिंकात घोटलेली. काजळ म्हणजे कार्बन, ते पाण्यात विरघळत नाही. त्याला पाण्यात तरंगत ठेवायचं आणि कागदाला चिकटवायचं काम डिंक करतो. तोच डिंक शाईला अंग देतो, ती टोकाला धरून राहते. शिवाय बोरू म्हणजे वनस्पतीचा तंतू, तो स्वतःच थोडी शाई पितो आणि हळूहळू सोडतो. आणि कागद घोटीव, खळ देऊन दगडाने गुळगुळीत केलेला. आपल्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, त्या नावातच हा धंदा शिल्लक आहे. शाई, लेखणी, कागद, तिघं एकमेकांसाठी घडलेले. त्यातला एक बदलला की बाकी दोघांची पंचाईत होते.

आता मी टीकेकडे येतो. आजच्या व्याख्यानाला परीक्षण म्हटलंय, म्हणून कशाचं तरी परीक्षण करायला हवं. (हशा)

सध्या सुलेखनाचं जे काम आपण बघतो, मोबाइलवर बघतो, प्रदर्शनात बघतो, त्यात फाउंटनपेनच्या रंगीत शाया खूप दिसतात. एका अक्षरात निळ्यापासून जांभळ्यापर्यंत छटा, वर सोनेरी चमक. दिसायला फार छान. आणि टाकाच्या रुंद निबने या छटा फाउंटनपेनपेक्षा खुलून दिसतात, कारण शाई जास्त पडते आणि जिथे साचते तिथे गडद होते. हे त्या शाईचं खरं बलस्थान आहे, ते मान्य करतो. पण होतं काय, तर शाई साचण्याची जागा अक्षर ठरवत नाही, उतार ठरवतो. ओल्या रेघेतली शाई खाली ओघळते आणि रेघ संपते तिथे थांबते. म्हणून दंडाचा तळ गडद, मात्रा फिकी. वाचणाऱ्याचा डोळा गडद जागी आधी जातो. म्हणजे 'के' लिहिला तर आधी दंडाचा तळ दिसतो आणि मात्रा नंतर. अर्थाच्या दृष्टीने हे उलटं झालं. शंभरातल्या नव्वद रंगीत तुकड्यांत मला हे दिसतं, आणि आपण "वा, काय रंग!" म्हणून पुढे जातो. रंगाला दाद देऊन अक्षराचं परीक्षण टाळतो. चांगला सुलेखनकार याच ओघळण्याचा उपयोग करून घेतो. तो कागद आडवा ठेवतो, किंवा उलटा फिरवतो, शाई कुठे साचेल ते ठरवतो. तेव्हा ती छटा त्याची असते. नाहीतर ती बाटलीची.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, ती मोडी शिकणाऱ्यांची. पुण्यात मोडी शिकायचं कारण उघड आहे. पेशवे दफ्तर इथे आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ इथे आहे. सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तराचे 45 खंड छापले, तरी छापलेला भाग मूळ साठ्यापुढे चिमूटभरच. रुमालात बांधलेली कागदपत्रं वाचणारी माणसं हवी आहेत. पण आपले विद्यार्थी मोडी गिरवतात जेलपेनने. एकसारखी, कुठेही जाड-बारीक न होणारी, कुठेही फिकी न होणारी रेघ. वळण येतं, वाचताही येतं. पण एक गोष्ट येत नाही.

बुडवून लिहिलेल्या कागदावर बुडवणीची लय असते. गडद, मग उतरत उतरत फिकं, पुन्हा गडद. ही लय लिहिणाऱ्याच्या हाताची असते. कोणी सहा शब्दांनी बुडवतो, कोणी दहा. ती लय मधेच मोडली तर काहीतरी घडलेलं असतं. कारकून उठून गेला असेल. दुसऱ्या दिवशी पुढे लिहिलं असेल. ओळीच्या मधे कोणी शब्द घुसवला असेल. अनेक पत्रांत मजकूर कारकुनाचा आणि शेवटचे चार शब्द मालकाच्या स्वदस्तुरचे असतात, तिथे अक्षराबरोबर लेखणीचा काप आणि शाईचा भरही बदलतो. पुण्यात बसून 'ध' चा 'मा' ची आठवण न काढणं अवघड आहे. 1773 साली नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला, आणि पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' केल्याची कथा त्याला चिकटली. ती आख्यायिका म्हणूनच घ्या. पण समजा तसा कागद कोणी तुमच्यापुढे ठेवला, तर तुम्ही काय बघाल? नुसतं अक्षराचं वळण बघून भागणार नाही. तिथे शाईचे दोन थर आहेत का, ते अक्षर बुडवणीच्या उतारात जिथे फिकं असायला हवं तिथे गडद का आहे, हे बघाल. ज्याने स्वतः टाकाने पन्नास पानं लिहिली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही, त्याच्या हाताला ते माहीत असतं. जेलपेनवाल्याला ते दिसतच नाही. म्हणून मी म्हणतो, मोडीच्या विद्यार्थ्याने टाकाने लिहावं, आणि त्यासाठी फाउंटनपेनची शाई जरूर वापरावी. स्वस्त आहे, मिळते, धुऊन निघते, निब गंजवत नाही. फक्त तिला थोडं अंग द्यावं.

ते कसं द्यायचं, सांगतो. लिहून घ्या.

बाभळीचा स्वच्छ डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजत ठेवा, सकाळी तलम कापडातून गाळा. बुरशी लवकर येते, म्हणून थोडाच करा, त्यात एखादी लवंग टाका आणि फ्रीजमध्ये ठेवा. फाउंटनपेनची शाई लहान कुपीत वेगळी काढा, साधारण दहा मिलिलिटर. त्यात डिंकपाण्याचे दोन-तीन थेंब, हलवा, लिहून बघा. अजून पळते? एकेक थेंब वाढवा. रेघ चिकट दिसायला लागली, निब अडखळायला लागली की जास्त झालं, थोडी मूळ शाई घाला. ही शाई मूळ बाटलीत परत ओतायची नाही. आणि फाउंटनपेनमध्ये तर कधीच भरायची नाही. डिंक त्या बारीक खाचांत वाळला की पेन बसलं.

डिंक नको असेल तर कुपीचं झाकण उघडं ठेवून शाई दोन दिवस आटू द्या, वर जाळीचं कापड बांधा. पाणी उडतं, शाई थोडी दाट होते. किंवा दौतीत कापसाचा किंवा रेशमाचा बोळा टाका आणि निब त्या बोळ्याला टेकवून शाई घ्या. फारसी-उर्दू लिहिणारे कातिब हेच करतात. बोळा जास्तीची शाई देतच नाही, त्यामुळे पहिल्या अक्षराचा ठिपका टळतो.

नवी निब आणली की तिच्यावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो भांड्याच्या साबणाने धुतल्याशिवाय कुठलीच शाई धरत नाही. पुष्कळदा दोष शाईचा समजला जातो आणि असतो तेलाचा. निब छिद्रापर्यंतच बुडवा, आणि वर काढताना दौतीच्या काठाला टेकवा. कागदाचा उतार कमी ठेवा. आणि हवा बघा. आजच्यासारख्या पावसात कागद ओल धरतो आणि एरवी चांगली असलेली शाईही पसरते. एप्रिल-मे महिन्यात उलट, टोकावरच वाळते. पुण्यात शाईचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावं लागतं, लोणच्याच्या मिठासारखं एकदा ठरवून चालत नाही.

आता ती चूक.

1998 साली माझ्या शाळेतल्या सरांचा पंच्याहत्तरीचा सत्कार होता. मानपत्र मी लिहिलं. टाकाने, देवनागरीत, मोठ्या कागदावर, फाउंटनपेनच्या गडद जांभळ्या शाईने. डिंक घालून, अगदी आज सांगितलं तसं. रेघ सुरेख आली होती. सगळ्यांनी कौतुक केलं, सरांनी ते चौकट करून बाहेरच्या खोलीत लावलं. त्या खोलीला पश्चिमेची खिडकी होती.

सात-आठ वर्षांनी सरांकडे गेलो. चौकट तिथेच होती. आत जवळजवळ कोरा कागद. जिथे शाई साचली होती, दंडांच्या तळाशी, तिथे करडे ठिपके राहिले होते. वाक्य एकही वाचता येत नव्हतं. सरांची नजर तोपर्यंत अधू झाली होती. ते म्हणाले, "मला वाटलं माझ्याच डोळ्यांचं आहे. म्हणून कोणाला बोललो नाही." मी काय बोलणार? ते रोज त्या कोऱ्या कागदासमोर बसत होते.

मी तिथे फक्त रेघेचा विचार केला होता, काळाचा केला नव्हता. विरघळणारे रंग प्रकाशापुढे कमीअधिक कच्चे असतात, आणि जांभळे त्यात बहुधा आघाडीवर. डिंक घातल्याने शाई नीट वाहते, पक्की होत नाही. काजळाच्या शाईतलं कार्बन उन्हाने उडत नाही, म्हणून अडीचशे वर्षांपूर्वीचा हिशेबाचा कागद आज काळाभोर आहे आणि माझं मानपत्र आठ वर्षांत गेलं. मी सरांना ते परत लिहून दिलं, कार्बनच्या काळ्या शाईने. ते त्यांनी वाचलं नाही, मी वाचून दाखवलं.

म्हणून शेवटचं सांगतो. सराव करताय, पत्र लिहिताय, मोडी गिरवताय, तर फाउंटनपेनची शाई टाकाने खुशाल वापरा, तिला थोडं अंग द्या आणि लिहा. पण जो कागद दुसऱ्या कोणाच्या घरी राहणार आहे, भिंतीवर किंवा पेटीत, त्याची शाई निवडताना आधी विचारा की हा कागद किती वर्षं वाचला जायला हवा. मगच रंगाचा विचार करा.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : चित्रकलेची काळी वॉटरप्रूफ शाई पक्की असते. मग तीच टाकाला आणि फाउंटनपेनलाही का वापरू नये?

उत्तर : टाकाला जरूर वापरा, तिथे ती उत्तम. पण दर काही मिनिटांनी निब पाण्यात बुडवून पुसा, कारण तिच्यात लाख किंवा तसलंच बांधणारं द्रव्य असतं आणि ते वाळलं की पाण्याने निघत नाही. फाउंटनपेनमध्ये मात्र ती घालू नका. म्हणजे बघा, पेनाची शाई टाकात गेली तर फार तर एक पान बिघडतं, पण टाकाची शाई पेनात गेली तर पेन जातं.

प्रश्न : फाउंटनपेनसाठीच बनवलेल्या कार्बनच्या शाया मिळतात म्हणे. त्या टाकात चालतात?

उत्तर : चालतात, आणि चांगल्या चालतात. त्यातले कण इतके बारीक असतात की ते जिभेच्या खाचांतून जातात. वाळल्यावर पाण्याने पुसल्या जात नाहीत, उन्हालाही टिकतात. थोड्या महाग पडतात. मानपत्रासाठी मी आज त्याच वापरेन. पातळ वाटल्या तर एखादा थेंब डिंक त्यांनाही चालतो.

प्रश्न : हिरड्याची शाई घरी करून टाकाने लिहिली तर?

उत्तर : हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळा रंग होतो, ते खरं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांचा तो संयोग. पण ती शाई आम्ल असते. पोलादी निब ती खाते, आणि प्रमाण चुकलं तर काही काळाने कागदही खाते. गंमत म्हणून करा, बोरूने लिहा, बोरूला गंज चढत नाही. पण ठेवणीतल्या कागदावर ती वापरू नका. आणि लिहून झालं की हात धुवा, नाहीतर उद्या ऑफिसात सगळे विचारतील की काल मतदान कुठे होतं. (हशा)